बिशपांची खाजगी पत्रं आणि १९२७-२८ चा प्रार्थनापुस्तकाचा घोळ

शेवटचा_बाक (धागाकर्ता)

मंडळी, विषय थोडा आडवळणाचा आहे. पण इथे चर्चवाले, इतिहासवाले आणि नुसतेच भांडकुदळ असे तिन्ही प्रकार आहेत, म्हणून टाकतोय.

इंग्लंडच्या चर्चचं बुक ऑफ कॉमन प्रेयर १६६२ चं. ते बदलायचं काम १९०६ साली सुरू झालं आणि एकवीस वर्षं चालून शेवटी संसदेत आपटलं. एकदा नाही, दोनदा. १५ डिसेंबर १९२७ ला कॉमन्सनं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, २३८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. मग बिशपांनी डागडुजी करून पुन्हा आणलं, तर १४ जून १९२८ ला २६६ विरुद्ध २२०. म्हणजे ३३ चं अंतर ४६ वर गेलं. डागडुजीचं फळ!

या काळातली बिशपांची पत्रं आता वाचायला मिळतात. ट्रुरोचे बिशप वॉल्टर फ्रिअर हे उपासनेच्या इतिहासातले तेव्हाचे सगळ्यात जाणकार बिशप. त्यांचा पत्रव्यवहार रोनाल्ड जॅस्पर यांनी संपादित करून १९५४ मध्ये छापला. कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांचे कागद लंडनच्या लॅम्बेथ ग्रंथालयात आहेत. पत्रांत काय, तर कुठली प्रार्थना कुठल्या प्रार्थनेच्या आधी, कोण बिशप कशाला तयार होईल, कोणाला न दुखवता काय सरकवता येईल. हे सगळं आपसात. नंतर १९२७ च्या सुरुवातीला बिशपांच्या बैठका झाल्या, त्याही बंद दारांआड.

माझं मत सरळ आहे. जी प्रार्थना रविवारी सगळ्यांनी मिळून म्हणायची, ती दहा-वीस जणांनी पाकिटांतून ठरवणं चूक. संसदेनं थोबाडीत मारली ती त्याचीच. तुम्हाला काय वाटतं?

पुणेरी_टोला

पहिला! धागा वाचून सांगतो.

कलम_१४

थोबाडीत मारली हे खरं, कारण चूक. संसदेचा संबंध कुठे येतो ते आधी बघा. १६६२ चं पुस्तक कायद्याला जोडलेलं होतं, त्यामुळे त्यातला शब्द हलवायचा तर कायदा हलवावा लागे. १९१९ च्या एका कायद्यानं चर्चला स्वतःची असेंब्ली मिळाली. तिनं ठराव करायचा, संसदेनं हो किंवा नाही एवढंच म्हणायचं. दुरुस्ती सुचवायची सोय नाही. ही रचना डोक्यात ठेवा, कारण 'हे एक कलम काढा, बाकी पुस्तक चालेल' असं म्हणणाऱ्या खासदाराला 'नाही' म्हणण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

आणि 'दहा-वीस जणांनी पाकिटांतून ठरवलं' हे तर अजिबात पटत नाही. जुलै १९२७ ला चर्च असेंब्लीत उघड मतदान झालं. बिशप ३४ विरुद्ध ४. पाळकवर्ग २५३ विरुद्ध ३७. सामान्य सभासदांच्या सभागृहातसुद्धा २३० विरुद्ध ९२. संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं, लॉर्ड्सनं, २४१ विरुद्ध ८८ नं मान्य केलं. अडलं ते फक्त कॉमन्समध्ये.

नगरकरीण

आकडे मस्त, पण पुस्तकात बदललं काय होतं हो? दोन ओळींत कोणी सांगेल का? आमच्या घरी आजी जुनं मराठी प्रार्थनापुस्तक तोंडपाठ म्हणायची, तिला यातलं काय खटकलं असतं ते कळू दे.

जुनी_पेटी

नगरकरीणताई, दोन ओळींत नाही जमणार. भांडण मुख्यतः दोन गोष्टींवर होतं.

एक, प्रभुभोजनातली (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत होणारी उपासना ती) अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस आजाऱ्यांसाठी चर्चमध्ये राखून ठेवायची मुभा. पहिल्या महायुद्धात आणि नंतर ही गरज फार वाढली. दवाखान्यात मरायला टेकलेल्या माणसापाशी पाळकानं जाऊन अख्खी उपासना कशी करायची? नव्या पुस्तकानं बिशपाच्या परवानगीनं, फक्त आजाऱ्यांपुरती मुभा दिली. विरोधकांचं म्हणणं, आज कपाटात ठेवाल, उद्या त्यापुढे दिवे लावाल, परवा गुडघे टेकाल. रोमचं दार उघडेल. तिकडे कॅथलिक वळणाच्या पाळकांना ही मुभा तोकडी वाटली, कारण दिवे त्यांना लावायचेच होते.

दुसरी, भाकर-द्राक्षारसावर पवित्र आत्मा यावा अशी विनवणी. १५४९ च्या पहिल्या पुस्तकात ती होती, १५५२ मध्ये काढली, १६६२ मध्येही नाही. नव्या पुस्तकात ती ख्रिस्ताच्या 'हे माझं शरीर' या शब्दांच्या नंतर घातली, पूर्वेकडच्या चर्चमध्ये असते तशी. फ्रिअर यांचा जीव याच जागी अडकला होता. गंमत म्हणजे प्रोटेस्टंट वळणाचे म्हणाले हे रोमन आहे, आणि रोमकडे झुकलेले म्हणाले हे रोमन नाही, कारण रोमच्या पद्धतीत ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की झालं, नंतर विनवणी कशाला?

आजीला बहुतेक दुसरी गोष्ट कळली नसती आणि पहिली पटली असती.

नास्तिक_नाना

थोडक्यात, भाकरीचं काय होतं यावर ब्रिटिश साम्राज्याची संसद दोनदा रात्री उशिरापर्यंत बसली. आणि आम्हाला कर्मकांडी म्हणतात.

जुनी_पेटी

नाना, तुमचा माणूस त्यांच्यातच होता. बर्मिंगहॅमचे बिशप बार्न्स. मूळचे गणिती, रॉयल सोसायटीचे सदस्य. त्यांनी उघड प्रवचनात सांगितलं की अर्पण केलेली आणि न केलेली भाकर कुठल्याही रासायनिक चाचणीनं वेगळी ओळखता येत नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्समध्ये एका पाळकानं भर उपासनेत उभं राहून त्यांचा निषेध केला. मग बार्न्स यांनी आर्चबिशपना पत्र लिहिलं, पण खाजगी नाही, जाहीर. आर्चबिशपना जाहीर उत्तर द्यावं लागलं.

धागाकर्त्यांना विचारते, हे बरं झालं का मग? सगळं उघड्यावर आलं आणि दोन महिन्यांत पुस्तक पडलं.

नास्तिक_नाना

बार्न्स यांना आमच्या मंडळाचं आजीव सभासदत्व.

डरहॅमवासी

मी इकडेच राहतो म्हणून लिहितो. आमच्या कथीड्रलच्या ग्रंथालयात डरहॅमचे तेव्हाचे बिशप हेन्सन यांच्या डायऱ्या आहेत, आता त्या संगणकावरही वाचता येतात. अक्षर देखणं, सहकाऱ्यांबद्दलची मतं तिखट. हेन्सन आयुष्यभर 'चर्च आणि राज्य एकत्रच असावं' या बाजूचे. १९२७ मध्ये नव्या पुस्तकाच्या बाजूनं लढले. पुस्तक पडल्यावर हाच माणूस म्हणायला लागला की राज्यापासून चर्च वेगळं करा. एवढी उलटी उडी का मारली, हे भाषणांतून समजत नाही. भाषणात निष्कर्ष असतो. रागाची, कुचंबणेची वाटचाल डायरीत आणि पत्रात दिसते.

म्हणून माझा मुद्दा असा: खाजगी पत्रात माणूस चाचपडू शकतो. 'मला हे पटत नाही पण तुमच्यासाठी गिळतो' असं जाहीर सभेत कोण म्हणेल? एकवीस वर्षं जे पुस्तक चाललं ते अशा गिळण्यावरच चाललं. डेव्हिडसन हे मुळात स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या पंथाच्या, घरातले. ही विनवणी आधी की नंतर यात त्यांना काही विशेष रस नव्हता. त्यांना चर्च फुटू द्यायचं नव्हतं. पंचवीस वर्षं आर्चबिशप राहिलेल्या माणसाला पत्रापत्री बंद करा म्हणणं म्हणजे राजीनामा द्या म्हणणं. तो त्यांनी १९२८ च्या नोव्हेंबरात दिलाच.

शेवटचा_बाक

डरहॅमवासी, तुमच्या मुद्द्यातच माझा मुद्दा आहे. 'तुमच्यासाठी गिळतो' असं ज्यांनी एकमेकांना कळवलं त्यांनी लोकांना काय सांगितलं? की हे पुस्तक उत्तम आहे. लोक मूर्ख नसतात. पुस्तक बनवणाऱ्यांनाच ते मनापासून आवडलेलं नाही, हा वास कॉमन्सपर्यंत गेला.

कलम_१४, असेंब्लीतलं मतदान उघड होतं हे मान्य. पण मतदानाला काय ठेवायचं ते कुठे ठरलं? सोसायटीच्या सभेत ठराव हात वर करून मंजूर होतो, आणि ठेकेदार आदल्या रात्री सेक्रेटरीच्या घरी ठरलेला असतो.

पाचहौदकर

सोसायटीचं उदाहरण काळजाला भिडलं.

आता आमचा पुण्याचा हातभार. जी भांडणं तुम्ही लिहिताय त्यांतून मुंबईचा धर्मप्रांत बराच मोकळा होता, हे इथे कोणाला माहीत आहे का? १९२० मध्ये जॅक विन्स्लो, ई. सी. रॅटक्लिफ वगैरे मंडळींनी पुस्तक काढून मांडलं की भारतातल्या चर्चला इंग्लंडच्या १६६२ ची नक्कल कशाला, इथली स्वतःची प्रभुभोजनाची उपासना हवी. त्यांनी आधार घेतला सीरियन चर्चच्या संत याकोबाच्या उपासनेचा, म्हणजे केरळात शतकानुशतकं चालत आलेल्या परंपरेचा. बिशप पामर यांच्या काळात मुंबई धर्मप्रांतात ती वापरायला मिळाली, बॉम्बे लिटर्जी म्हणून ओळखतात. विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात ती चालायची. शिवाजीनगरला तो आश्रम, जमिनीवर बसून उपासना. आणि ज्या विनवणीवरून लंडनमध्ये रण पेटलं, ती यात बिनबोभाट होती!

माझ्याकडे घरातलं जुनं मराठी प्रार्थनापुस्तक आहे. पाठीचा कापड निघालाय, प्रभुभोजनाची पानं बोटांनी काळवंडलीत, आणि राजासाठीच्या प्रार्थनेवर कोणीतरी कागदाची पट्टी डकवून वर शाईनं 'राष्ट्रपती' लिहिलंय. डिंक पिवळा पडलाय, पट्टीच्या कडेनं राजाची दोन अक्षरं अजून दिसतात. ही सुधारणा कुठल्या बिशपनं कुठल्या पत्रात मंजूर केली होती?

पुणेरी_टोला

पाचहौद म्हटलं की आधी चहा. पुण्याच्या पाचहौद मिशनमधला, १८९० चा. टिळक, रानडे मिशनऱ्यांकडे चहा प्यायले आणि पुण्यात धर्म बुडाला. इंग्रजांची भाकर, आमचा चहा. हिशोब बरोबर.

नास्तिक_नाना

काहींनी प्यायला, काहींनी नुसता पुढ्यात ठेवला असं म्हणतात. म्हणजे चहाही राखून ठेवला होता. जुनी_पेटी, यावर विरोधकांचं काय म्हणणं?

पाचहौदकर

हसा. पण चहाचं प्रकरण धाग्याला सोडून नाही. चहा घरगुतीच होता. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, तेव्हा त्याचं प्रकरण झालं. पुढे शंकराचार्यांकडून चौकशी, प्रायश्चित्तं, सगळं. खाजगी गोष्ट अचानक जाहीर केली की लोक शहाणे होत नाहीत, गट पडतात.

नगरकरीण

गोपाळराव म्हणजे आनंदीबाईंचे ना? त्या माणसावर वेगळा धागा हवा.

संपादक_मंडळ

चहा आणि गोपाळराव यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे प्रार्थनापुस्तक.

लंडनचा_लाल_बावटा

संपादकांनी हाकलायच्या आत मुंबईचा अजून एक धागा. हे पुस्तक पडलं तेव्हाच्या कॉमन्समध्ये लंडनमधल्या उत्तर बॅटर्सीचे खासदार होते शापूरजी सकलातवाला. मुंबईत जन्मलेले पारशी आणि वर कम्युनिस्ट. अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चची) भाकर कपाटात ठेवायची की नाही यावर मत द्यायचा अधिकार त्यांनाही होता! स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांना होता, बाप्टिस्टांना होता, ज्यूंना होता. पेस्लीचे मजूर पक्षाचे खासदार रॉसलिन मिचेल यांचं विरोधातलं भाषण सगळ्यात गाजलं, आणि पेस्ली स्कॉटलंडमध्ये. तिथे हे पुस्तक वापरात येणारच नव्हतं. गृहमंत्री जॉइनसन-हिक्स निदान त्या चर्चचे तरी होते.

बिशपांनी पत्रं नाही लिहायची तर मग काय बॅटर्सीच्या नाक्यावर सभा घ्यायची?

कलम_१४

लाल_बावटा, यात आणखी एक खोच. त्याच १९२७ साली याच संसदेनं भारतातल्या अँग्लिकन चर्चला आपल्या ताब्यातून मोकळं करणारा कायदा केला. १ मार्च १९३० पासून भारत, ब्रह्मदेश, सिलोनचं चर्च स्वतःच्या कारभाराचं झालं. म्हणजे पुण्यातल्या ख्रिस्ती माणसाची उपासना काय असावी ते पुढे इथलं चर्च ठरवणार, आणि लंडनमधल्याची वेस्टमिन्स्टरची संसद ठरवणार. पाचहौदकरांच्या पट्टीला म्हणून कोणी अडवलं नाही.

जुनी_पेटी

'पत्रांतून उपासना' ही १९२७ ची टूम नव्हे, हे राहिलंच. या पुस्तकाचा जन्मच पत्रांत आहे. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ चं पुस्तक केलं आणि त्यावर मार्टिन ब्यूसरसारख्या परदेशी पंडितांचे अभिप्राय मागवले. ब्यूसर यांनी लांबलचक टिपण लिहून दिलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी १५५२ मध्ये उतरल्या.

त्याहून भारी किस्सा १५५२ चा. नवं पुस्तक १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचं होतं, छपाई चालू होती, आणि जॉन नॉक्स या स्कॉटिश धर्मसुधारकांनी राजापुढे प्रवचन करून आक्षेप घेतला की प्रभुभोजन गुडघे टेकून घेणं शास्त्रात नाही. राजाच्या सल्लागारांची चलबिचल झाली. ७ ऑक्टोबरला क्रॅन्मर यांनी त्यांना पत्र लिहिलं. संतापलेलं पण तोल न गेलेलं. आशय असा की जे शास्त्रात स्पष्ट सांगितलेलं नाही ते करायचंच नाही असं धरलं, तर मग उभ्यानं किंवा बसूनही घेऊ नका, तुर्क-तातारांसारखे जमिनीवर आडवे होऊन जेवा. शेवटी गुडघे टेकणं राहिलं, पण 'यात भाकरीची पूजा अभिप्रेत नाही' असा खुलासा पुस्तकात ऐन वेळी घुसवला गेला. १५५९ मध्ये तो गाळला, १६६२ मध्ये थोडा बदलून परत आला.

आता बघा, या पत्रात बिशप आपलं पुस्तक सरकारपासून वाचवतोय. ते खाजगी होतं म्हणून त्याला एवढं रोखठोक लिहिता आलं. जाहीर लिहिलं असतं तर राजद्रोहाच्या जवळ गेलं असतं. सगळी बंद पाकिटं एकाच मापानं मोजू नका एवढंच म्हणणं.

शेवटचा_बाक

क्रॅन्मर यांचं पत्र जबरदस्त. मान्य. पण तिथे दुर्बळ बाजू बिशपाची आहे. १९२७ मध्ये दुर्बळ कोण होतं?

वाचनमात्र_विठ्ठल

वाचनखूण साठवली. एक भर: १९२७ च्या विरोधकांतले मोठे नाव म्हणजे मँचेस्टरचे निवृत्त बिशप ई. ए. नॉक्स. त्यांच्या बाजूनं तीन लाखांहून जास्त सह्या जमल्या होत्या. रोमचं दार बंद ठेवायला बाप सह्या गोळा करतोय, आणि त्यांचा मुलगा रोनाल्ड तोवर रोमन कॅथलिक धर्मगुरू होऊन बसलेला. दुसरा मुलगा डिली, तो पहिल्या महायुद्धापासून जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचा.

पुणेरी_टोला

बिशपांची पत्रं फोडायला घरातलाच माणूस होता, उगाच सह्या गोळा केल्या.

नगरकरीण

मला आता मूळ प्रश्नावर बोलायचंय. वरची सगळी विद्वान मंडळी बिशप आणि संसद यांच्यातच फिरताहेत. बाकावरचं माणूस कुठंय?

१९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताचं चर्च एकत्र झालं. वेगवेगळ्या पंथांच्या उपासना एका छपराखाली आल्या. आमच्या मंडळीत (नाव घेत नाही, नगर जिल्ह्यात दोन बेंचांमागे एक नातेवाईक निघतो) पुढे कधीतरी उपासनेचा नवा क्रम आला. कोणी विचारलं नाही. एका रविवारी दारात पातळ पुस्तिका वाटल्या, पाळक म्हणाले आजपासून हे. आजी पुस्तिका उलटी धरून बसायची आणि जुनी उत्तरं मोठ्यानं द्यायची. सगळ्यांचं 'आमेन' होऊन गेल्यावर तिचं आपलं दीड ओळ पुढे चालू. पाळकांनी आईला निरोप दिला की सासूबाईंना जरा समजवा. आई म्हणाली, तुम्हीच समजवा. ते काही त्यांना जमलं नाही.

नवा क्रम वाईट नव्हता. मला तर तोच आवडतो, त्यात अभंगाच्या चालीची गाणी बसतात. पण तो का केला, जुन्यात काय कमी होतं, हे आजीला कोणी खाली बसून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. तिनं पंचायत समितीच्या सभापतीला गप्प केलेलं, ती काही अडाणी नव्हती. मला बिशपांनी एकमेकांना काय लिहिलं त्याचा राग नाही. तिला कोणी एक ओळ लिहिली नाही त्याचा आहे.

पाचहौदकर

ताई, आजीला सलाम.

डरहॅमवासी

नगरकरीण यांचा प्रतिसाद वाचून पुढचा भाग सांगायलाच हवा. फ्रिअर यांची पत्रं ज्यांनी छापली ते जॅस्पर १९६४ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या उपासना आयोगाचे अध्यक्ष झाले. मागच्या पिढीची पाकिटं उघडून वाचलेला माणूसच पुढच्या सुधारणेवर बसला. आणि या वेळी पद्धत वेगळी झाली. १९६५ मध्ये नव्या उपासना वापरून बघायची कायदेशीर मुभा मिळाल्यावर त्या आधी स्वस्त पुस्तिकांत काढल्या, मालिका १, २, ३ अशा. ठराविक वर्षं वापरून बघायच्या, मग ठरवायचं. १९७४ मध्ये चर्चला स्वतःच्या उपासनेचे अधिकार मिळाले, संसदेकडे दर वेळी जायची कटकट गेली. १९८० चं पर्यायी पुस्तक, २००० चं कॉमन वर्शिप, सगळं त्यातून आलं. १६६२ चं पुस्तक रद्द केलं नाही, ते आजही कायदेशीर आहे. इकडे सकाळी आठच्या उपासनेला जा, नगरकरीण यांच्या आजीच्या वयाची मंडळी तेच म्हणत असतात.

शेवटचा_बाक

जॅस्पर यांचं हे जोडलेलंच नव्हतं डोक्यात. वापरून बघा, मग ठरवा, हे मला पटतं. त्यातही पुस्तिका लिहिणारे मूठभरच होते, पण निदान नको म्हणायला जागा होती.

मग १९२९ च्या जुलैचं काय? संसदेनं दोनदा नाही म्हटल्यावर बिशपांनी ठराव केला की १९२८ च्या पुस्तकाच्या मर्यादेत कोणी बदल वापरले तर ते चर्चच्या निष्ठेविरुद्ध मानणार नाही. म्हणजे चक्क बेकायदा पुस्तकाला डोळा मारला. यावर कलम_१४ काय म्हणतात?

कलम_१४

डोळा मारला कसला, छातीठोक सांगितलं. पत्रात नाही, जाहीर ठराव करून. तुम्हाला उघडपणा हवा होता ना? घ्या.

कायद्याच्या नजरेनं पूर्ण गैर. पण हे काम ज्यातून सुरू झालं त्या १९०६ च्या शाही चौकशी आयोगाचा निष्कर्षच असा होता की उपासनेचा कायदा आताच्या धार्मिक जीवनाला फार अरुंद पडतो आणि शिस्तीची यंत्रणा मोडलेली आहे. वीस वर्षं खर्चून कायदा रुंद करायला गेले, संसदेनं अरुंदच ठेवला. मग पाळक जे करत होते ते करतच राहिले. निदान बिशपांनी हद्द तरी आखून दिली.

पुस्तक छापून विकायलाही ठेवलं. आत सूचना अशी की हे प्रसिद्ध केलं म्हणजे चर्चमध्ये वापरायला अधिकृत झालं असं प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष समजू नये. लोकांनी ती सूचना वाचली, पान उलटलं आणि वापरलं. १९६५ नंतरच्या मालिका १ मध्ये यातलंच बरंचसं कायदेशीर करून घेतलं, आणि तेव्हा कॉमन्समध्ये कोणी हूं की चूं केलं नाही.

नगरकरीण

म्हणजे आजी बरोबर करत होती. जे म्हणायचं ते म्हणत राहायचं, कायदा मागून येतो.

डरहॅमवासी

फक्त या बाबतीत आजी १६६२ च्या बाजूला होत्या, बिशप १९२८ च्या. दोघांनीही ऐकलं नाही एवढंच साम्य.